ओळीला नाव

जेरुसलेमची हद्द संपली की लगेच इटली लागते. मध्ये समुद्र नाही, वाळवंट नाही. मक्याचं एक शेत आणि छप्पर खचलेलं एक लाकडी कोठार. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात येट्स नावाची काउंटी आहे, तिच्या नऊ टाउनांपैकी ही दोन. मी जेरुसलेममध्ये राहत होतो. पहिल्यांदा फोनवर तसं सांगितलं तेव्हा आबा, माझे वडील, जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आरं, तिकडं लढाई चालू असती न्हवं?"

लढाई नव्हती. थंडी होती. 2011 च्या जानेवारीत मी तिथे पोचलो तेव्हा क्युका तळ्याच्या काठावर गुडघाभर बर्फ होतं. द्राक्षावरच्या रोगांचा अभ्यास करायला गेलेला तासगाव तालुक्यातल्या बागायतदाराचा मुलगा मी. डावणी आणि भुरी यांची नावं मला शाळेच्या पाढ्यांआधी पाठ झाली होती. हे दोन्ही रोग मूळचे याच मुलखातले, हे मात्र पुष्कळ उशिरा कळलं. आमच्या बागेत वर तास-ए-गणेशचा वेल असला तरी खालचं खुंट डॉगरिजचं, म्हणजे टेक्सासच्या रानवेलीचं. रोगही त्यांचा, मुळंही त्यांची. म्हणून वाटलं होतं, जातोय ते काही अगदी परक्याच्या घरी नाही.

त्या समजुतीला पहिल्याच महिन्यात तडा गेला. ज्या प्रकल्पावर मला नेमलं होतं त्याचे पैसे वरून सुटले नाहीत. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले आणि चार महिने मला पगार मिळाला नाही. नाव कुणाचं घेत नाही. अशी टेबलं सगळीकडे असतात. जवळची शिल्लक फेब्रुवारीतच आटली. मी ज्यांच्या घराच्या माडीवर राहत होतो त्या घरमालकीणबाईंसमोर जाऊन उभा राहिलो आणि रात्रभर घोकलेलं इंग्रजी बोलून टाकलं. त्या तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या होत्या. चुलीत लाकूड सारत होत्या. "भाडं मे महिन्यात बघू," म्हणाल्या. आणि मग, मागे वळून: "तुला कात्री धरता येते का?"

त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न तोवर मिटला होता. तिकडे शेंबडं पोरही म्हाताऱ्या माणसाला एकेरी नावाने हाक मारतं. माझी जीभ काही त्यासाठी उचलेना. मी "आजी" म्हणायला लागलो. त्यांना वाटलं हे आमच्याकडचं एखादं नाव असावं. अर्थ सांगितला तेव्हा हसल्या आणि कायम ठेवलं. वर्षभरात पोस्टमनही त्यांना आजी म्हणायला लागला, 'ज' थोडा चेपून.

कात्री मला धरता येत होती. पण तिथली छाटणी बघून मी चक्रावलो. आमच्याकडे वेल झोपत नाही. उन्हाळ्यात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी अशी वर्षातून दोनदा कात्री लावून आपण त्याला कामाला जुंपतो. तिथे वेल पाच महिने मेल्यासारखा उभा असतो आणि त्या झोपेतच त्याची छाटणी होते. बर्फात पाय रोवून, दोन जोड हातमोज्यांत बोटं कोंबून आम्ही कॉन्कर्ड जातीच्या द्राक्षांच्या ओळी छाटत होतो. आजींनी पहिल्या वेलीच्या काड्या कापल्या, त्यांची मोळी बांधली आणि कोटाच्या खिशातून ताणकाटा काढला. काड्या तोलल्या!

मला वाटलं म्हातारीची काहीतरी खोड असेल. खोड नव्हती, शास्त्र होतं. जवळच्याच जिनिव्हा गावी नेल्सन शॉलिस नावाचे द्राक्षतज्ज्ञ होऊन गेले, त्यांनी घालून दिलेली रीत. गेल्या वर्षी वाढलेल्या काड्यांचं वजन करायचं; पहिल्या पौंडाला 30 डोळे, म्हणजे फुटीच्या कळ्या, ठेवायचे आणि पुढच्या प्रत्येक पौंडाला आणखी 10. म्हणजे वेलीने गेल्या साली किती ताकद दाखवली ते बघून यंदा तिच्याकडून किती मागायचं ते ठरवायचं. दहा-पंधरा वेली तोलल्या की नजर बसते, मग काट्याची गरज उरत नाही. मी हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं. पण उणे बारा अंशात ते ओल्या लाकडाच्या वासासकट हाताला लागणं वेगळं.

तिथे द्राक्ष कसं काय येतं, हे मला समजावून सांगितलं तेही आजींनीच, आणि तळ्याकडे बोट दाखवून. बर्फयुगातल्या हिमनद्यांनी जुन्या ओढ्यांच्या दऱ्या खरवडून ही लांबट तळी कोरली. एकूण 11 आहेत, हाताच्या बोटांसारखी उत्तर-दक्षिण पसरलेली, म्हणून त्यांना फिंगर लेक्स म्हणतात. काउंटीच्या पूर्वेच्या अंगाला सेनेका तळं आहे, 600 फुटांहून खोल. एवढं पाणी उन्हाळ्यात तापायला वेळ घेतं आणि हिवाळ्यात निवायलाही. काठच्या उतारावर वसंतात डोळे उशिरा फुटतात, तोवर हिमाचा धोका बराचसा टळतो. शरदात पहिलं हिम उशिरा पडतं, तोवर घड पिकतात. गार हवा पाण्यासारखीच उताराने खाली वाहते आणि खोलगट जागा सापडली की तिथे साचते. "तळं म्हणजे आमचं पांघरूण," असं काहीसं आजी म्हणायच्या. त्या पांघरुणाच्या कडेकडेने बागा, आणि वर डोंगरमाथ्यावर मका, गवत आणि गुरं.

क्युका मात्र बोटासारखं नाही. ते इंग्रजी वाय अक्षरासारखं फाटलेलं आहे. जुने लोक त्याला वाकडं तळंच म्हणत. दोन फाट्यांच्या मधोमध उंच कडा उभा. त्यातल्या एका फाट्याच्या टोकाला पेन यान हे काउंटीचं मुख्य गाव. पेनसिल्व्हेनियातून आलेले आणि न्यू इंग्लंडमधून आलेले यांकी, दोघांच्या भांडणात अर्धं अर्धं नाव मिळून हे गाव झालं. सगळ्या काउंटीत मिळून पंचवीसेक हजार माणसं. आमच्या एकट्या तासगाव शहरात याहून जास्त आहेत.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर आजी मला पेन यानपासून ड्रेस्डेनपर्यंतच्या पायवाटेवर घेऊन गेल्या. क्युकाचं पाणी तिथून सेनेका तळ्याला जाऊन मिळतं आणि सात मैलांत सुमारे 270 फूट खाली उतरतं. एवढा उतार म्हटल्यावर काठाने गिरण्या आल्याच. 1833 मध्ये इथे कालवा सुरू झाला. होड्या चढवायला-उतरवायला 27 लॉक बांधावे लागले. कालवा कधी धड फायद्यात आला नाही आणि 1877 मध्ये बंद पडला. मग त्याच वाटेवर आगगाडी आली. 1972 च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पुरात तीही वाहून गेली. आता झाडांखालून माणसं चालतात आणि सायकली जातात. ओढ्यात गिरण्यांच्या भिंती शेवाळून पडलेल्या दिसतात. आजी एका भिंतीवर टेकल्या आणि म्हणाल्या, इथे जो तो आपण कायमचे राहणार या हिशेबाने बांधकाम करून गेलाय.

ड्रेस्डेनला वाट संपते. तिथेच 1833 मध्ये, कालवा सुरू झाला त्याच वर्षी, रॉबर्ट इंगरसॉल जन्मला. धर्मपीठाची भर सभेत चिरफाड करणारा एकोणिसाव्या शतकातला गाजलेला वक्ता. आणि तिथून फार लांब नाही तिथे, त्याच्या पन्नासेक वर्षं आधी, या भागातली पहिली गोरी वस्ती वसवली ती एका धर्मवेड्या पंथाने. ऱ्होड आयलंडची जेमायमा विल्किन्सन 1776 मध्ये तापाने अंथरुणाला खिळली. बरी होऊन उठली तेव्हा तिने जाहीर केलं, की जेमायमा मेली. या देहात आता दुसराच आत्मा आहे, तो ना बाई ना पुरुष, त्याचं नाव पब्लिक युनिव्हर्सल फ्रेंड. म्हणजे सगळ्या जगाचा मित्र. मरेपर्यंत जुन्या नावाला त्या व्यक्तीने ओ दिली नाही. अनुयायी 1788 पासून इथे येऊन जंगल तोडायला लागले, गहू पेरला, गिरणी घातली, पुढे वस्ती पश्चिमेला सरकली. तिला त्यांनी नाव दिलं जेरुसलेम. 1819 मध्ये फ्रेंड गेल्यावर पंथ हळूहळू विरला. आजींचं घर फ्रेंडच्या जुन्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर. "देव मानणारे आणि न मानणारे, दोन्ही टोकं आमच्या ओढ्याने पाहिली," असं त्या अभिमानाने सांगायच्या आणि स्वतः रविवारी चर्चला जाऊन मागच्या बाकावर डुलकी काढायच्या.

मे महिन्यात माझा पगार सुटला, चार महिन्यांचा एकदम. मी त्याच संध्याकाळी चेक लिहिला. आजींनी तो घेतला, चष्मा लावून आकडा वाचला, पावती फाडून दिली. नको नको वगैरे काही नाही. मला बरं वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं. आपल्याकडे असते तर निदान एकदा हात मागे घेतला असता.

पण त्या पावतीच्या निमित्ताने वही बाहेर आली. त्यांच्या यजमानांनी ठेवलेली, कापडी पुठ्ठ्याची, बागेची वही. त्यात प्रत्येक ओळीचा हिशेब: खुंट किती मेले, किती नवे लावले, किती माल निघाला. आमचे आबा ओळींना नंबर घालतात. इथे ओळींना नावं होती, ज्यांचं ऋण होतं त्यांची. एका ओळीचं नाव 'डॉक्टर': मुलीच्या न्यूमोनियात तीन रात्री येऊन बसलेला डॉक्टर. एक ओळ 'दूधवाला'. एक 'अ‍ॅग्नेस', म्हणजे ते वादळच! मी विचारलं, वादळाचं कसलं ऋण? आजी म्हणाल्या, ते आलं तेव्हा कोण शेजारी आहे ते कळलं. एवढ्या सगळ्यांची नावं मावेनात, म्हणून तिचंच घातलं.

मी पानं उलटत राहिलो. साठ-सत्तरच्या दशकांत मोठ्या वाइन कंपन्या सगळा माल उचलायच्या, तेव्हाचे भरघोस आकडे. मग कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि भाव पडले, तेव्हाची रिकामी पानं. 1976 च्या कायद्याने बागायतदाराला स्वतःच्या द्राक्षांची वाइन करून थेट विकायची मुभा मिळाली, आज तळ्याकाठी दिसणाऱ्या वाइनरी बहुतेक त्यानंतरच्या. पण या घराने तो धोका पत्करला नाही. ते कॉन्कर्ड रसाला घालत राहिले. वाईट वर्षांत बँकेने दोनदा कर्ज दिल्याची नोंद होती. मी म्हटलं, बँकेच्या नावाची ओळ नाही दिसत.

"बँकेचं व्याजासकट फेडलं," आजी म्हणाल्या. "फिटलेल्याला ओळ कशाला?"

माझ्या हातात भाड्याची पावती होती. ती मी घडी करून खिशात घातली.

थोड्या वेळाने मी एक आगाऊ प्रश्न विचारला. तेव्हा मी नवखा होतो आणि वाचून आलेला होतो. ही जमीन इथल्या मूळ रहिवासी सेनेका लोकांची, त्यांच्या नावाची ओळ कोणती? आजी लगेच काही बोलल्या नाहीत. वही मिटली. मग म्हणाल्या, "ते नाव द्यायचं तर एका ओळीवर भागणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी काढली आणि सेनेका तळ्याच्या पश्चिम काठाने उत्तरेला निघाल्या. काशाँग ओढ्यापाशी थांबलो. 1779 च्या सप्टेंबरात जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनची फौज या मुलखात शिरली आणि सेनेका व कायुगा लोकांची चाळीसहून जास्त गावं जाळत गेली. काशाँग त्यातलंच. नुसती घरं नाही जाळली. उभा मका आणि भोपळे तुडवले, सफरचंद आणि पीच यांची फळती झाडं तोडली. सैनिकांच्या रोजनिशांत त्या बागांचं कौतुकही आहे आणि त्या तोडल्याच्या नोंदीही. अकरा वर्षांनी सेनेकांचे पुढारी वॉशिंग्टनला भेटायला गेले तेव्हा त्यांनी त्याला त्यांच्यात रूढ झालेल्या नावानेच संबोधलं: गावं उद्ध्वस्त करणारा. उभी फळबाग तोडायची म्हणजे काय, हे बागायतदाराच्या मुलाला सांगावं लागत नाही. गारपिटीनंतर आबा बागेत न जाता दोन दिवस ओट्यावर बसून राहिले होते, ते आठवलं. ती तर गारपीट होती. आजी ओढ्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. परतीच्या वाटेत आम्ही काही बोललो नाही.

बागेच्या पलीकडे मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातलं एक कुटुंब राहायचं. सत्तरच्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागातून ही माणसं जमीन स्वस्त म्हणून इकडे यायला लागली आणि दुभत्याचा धंदा सोडून जाणाऱ्यांची शेतं त्यांनी उभी केली. काळ्या बग्ग्या, घोडे, सायकलवरून शाळेला जाणाऱ्या लांब झग्यातल्या मुली. त्यांच्यात मोटार वर्ज्य, पण ट्रॅक्टर चालतो. फक्त त्याला रबरी टायर नकोत, लोखंडी चाकं हवीत. मला याचं हसू यायचं. शेजाऱ्यांनीच एकदा शांतपणे सांगितलं: रबरी चाकं लावली की ट्रॅक्टर घेऊन लोक बाजारात जातील, मग लांबच्या बाजारात, मग शेजारी लागणार नाही. मी हसणं थांबवलं. हे गृहस्थ घरात जुन्या वळणाची जर्मन बोलत, आमच्याशी मोजून सहा वाक्यं इंग्रजी. पहिल्या हिवाळ्यात माझे बूट बघून, न विचारता, एक जुना लोकरी अस्तराचा जोड पायरीवर ठेवून गेले. पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, पाय वाढून बूट लहान झालेत. त्यांचा पाय माझ्या दीडपट होता.

आजींच्या स्वयंपाकघरात मी दोन गोष्टी शिकलो आणि एक शिकवली. कॉन्कर्डची साल चिमटीत धरली की गर टुणकन बाहेर येतो. साली वेगळ्या ठेवायच्या, गर शिजवून बिया गाळायच्या, मग साली परत घालून पाय करायचा. जांभळा, आंबटगोड, जिभेला रंग लावणारा. दुसरं, कुट्टूच्या पिठाचे जाड पॅनकेक. पेन यानची कुट्टूची गिरणी 1797 पासूनच्या परंपरेची आहे, आणि तिच्या भिंतीवर एक अवाढव्य तवा टांगलेला असतो. 1987 मध्ये गावाने त्यावर 28 फूट 1 इंचाचा पॅनकेक भाजून विक्रम केला होता. उत्तरेकडे उपासाला खातात ते हेच कुट्टू. आमच्या घरात भगर आणि साबुदाणा, म्हणून मी ते तिथेच पहिल्यांदा खाल्लं. एका रविवारी त्याच पिठात कांदा, मिरची, कोथिंबीर घालून मी थालीपीठ लावलं. मधे भोकं पाडली तेव्हा आजींनी काळजीने विचारलं, हे फाटलं का? खाल्ल्यावर मात्र विचारलं नाही. मग शेजाऱ्यांकडे चार पाठवली. ताट दुसऱ्या दिवशी परत आलं ते अंड्यांनी भरून. रिकामं ताट परत करायचं नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही.

2013 च्या शरदात मी परत निघालो. शेवटच्या संध्याकाळी बॅग भरत असताना आजींनी वही माडीवर आणून दिली, काही न बोलता. वरच्या अंगाच्या एका खोलगटातली ओळ, जिच्या छाटणीत पहिल्या हिवाळ्यात माझी बोटं बधिर झाली होती, तिच्यासमोर कापऱ्या अक्षरात लिहिलं होतं: सांगली. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट लिहिता आलं नाही.

मी म्हटलं, आजी, हे उलटं झालं. ऋण माझ्यावर आहे. भाड्याचं फिटलं असेल, बाकीचं नाही.

त्या म्हणाल्या, तुझी वही तू ठेव. ही माझी आहे. यजमान गेल्यावर दोन हिवाळे मी त्या ओळींत एकटी होते.

2019 मध्ये आजी गेल्या. बाग शेजाऱ्यांनी घेतली. त्यांच्याकडे ईमेल नाही; वर्षातून एखादं पत्र येतं, रेघांच्या कागदावर, शिसपेन्सिलीने. मी तोवर गावी परतून आबांच्या बागेत लक्ष घालायला लागलो होतो. 2023 च्या मे महिन्यात, 18 तारखेच्या पहाटे, त्या मुलखात कडक हिम पडलं. कोवळे फुटवे एका रात्रीत काळे झाले. मी इंटरनेटवर वाचलं आणि पत्र टाकलं. उत्तर जुलैत आलं. त्यात सगळ्या ओळींची हकीकत होती, नावानिशी: डॉक्टर वाचली, दूधवाला निम्मी गेली, अ‍ॅग्नेस काठाजवळची म्हणून तिला फारसं काही झालं नाही. आणि: सांगली खोलगटात आहे, गार हवा तिथेच बसली. पूर्ण जळली. आता दुसरे डोळे फुटलेत.

मी आबांना ते मराठीत वाचून दाखवलं. ते बागेच्या कडेला पाइपवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं, ओळींच्या नावांबद्दल काही विचारलं नाही.

"दुसऱ्या डोळ्याला माल लागतो का त्येंच्यात?"

"कॉन्कर्डला लागतो, आबा. थोडा."

"मग खुडू नगा म्हणावं," आबा म्हणाले. "लिही लगेच."